असल्यास

हीउमा बेटावरच्या नोंदणीघरात
तार्वो लेलोला शिकवतो:
एका ओळीत तीनच गोष्टी.
होडी, कुणाची, माणूस.
शेवटी पूर्णविराम. तो विसरलीस
तर यंत्र अडून बसतं.

आणि जे माहीत नाही
त्याच्या आधी प्रश्नचिन्ह, नंतर नाही.
ती हसते. साठाव्या वर्षी हे असं,
खूण पुढे आणि नाव मागून.

चव्वेचाळीसच्या शरदात सुटलेल्या होड्या,
?खलाशी, त्याचा जन्म, त्याचा मृत्यू.
एकतीस ओळी येतात.
ती दोनदा वर-खाली बघते.
विल्लेम नाही.

"मृत्यूची नोंद आहे त्याची?"
नाही. त्याच्या आईने
कुणाला करूच दिली नाही.
"मग गळणारच. मागितलेलं सगळं
ज्याच्याकडे नाही, तो उत्तरात येत नाही."

तार्वो मृत्यूची ओळ उचलून
महिरपी कंसात ठेवतो,
कंसाआधी एक शब्द टाइप करतो:
ऑप्शनल.
म्हणजे, असल्यास.

बत्तीस.
शेवटून तिसरा, विल्लेम काएव,
जन्म मे महिन्यातला,
पुढचा रकाना रिकामा,
आईने ठेवला होता तसाच.

बाहेर फेरीबोटीचा भोंगा होतो. तार्वो कोट घालतो.
लेलो तेच पुन्हा चालवते.
पुन्हा बत्तीस.