अर्धी पट्टी

रात्रीचे सव्वानऊ. अजिंठा चौफुलीच्या अलीकडे
आमच्या मेडिकलचं शटर कमरेपर्यंत उतरलेलं,
तरी खालून एक हात येतो.
चटईच्या कारखान्यातला,
नखांच्या कडेला प्लास्टिकचा निळा रंग,
आणि चिमटीत एक रिकामी पट्टी :
"असल्याच दोन गोया दे ना भो."

मी कात्री उचलतो.

एकोणीस वर्षं झाली. भिंतीवर काचेत जे प्रमाणपत्र आहे
ते फिरकेशेठच्या भाच्याचं. तो पुण्यात असतो.
माझे बी.कॉम.चे दोन विषय राहिले, ते राहिलेच.
पण एमआयडीसीकडची माणसं मला डॉक्टर म्हणतात,
आणि हाक कुणाला मारली
म्हणून मागे वळून बघणं मी कधीच सोडलं.

दवाखाना लांब नाही. रस्ता ओलांडला की आहेच.
त्याची पाटी इतकी झगझगीत
की दुकानातली ट्यूब गेली तरी चालतं.
लोक त्याच उजेडात उभे राहून
माझ्याकडून औषध घेतात.

फी तीनशे, असं सांगून मोकळं होता येतं.
पण सुपडू कोळीकडे तीनशे असतात.
त्याच्याकडे दुपार नसते.
दुपार कारखान्याची,
आणि ती मागायला गेलं
की सुपरवायझर विचारतो : आजारी पडतोस का रे नेहमी?

नेहते मास्तरांकडे तर दुपारच दुपार.
पेन्शन आहे, रिक्षाला पैसे आहेत,
तरी मुलाच्याच नावाची बीपीची गोळी अर्धी मोडून खातात.
"रक्त एकच ना आमचं," म्हणतात, आणि हसतात,
हसताना धाप लागते.

पिंप्राळ्याच्या बँकेतल्या मॅडम काहीच बोलत नाहीत.
मोबाइल काउंटरवर आडवा ठेवतात, औषधाचं नाव मोठं करून.
कुठे दुखतं ते त्यांनी रात्रभर शोधलेलं असतं.
लिहिता येतं त्यांना.
उच्चारता येत नाही.

आणि बेबाबाई, डाळ मिलमधली.
दर शनिवारी, पगाराची नोट मोडायच्या आत,
उजव्या बरगडीखाली हात दाबून : "आठे दुखस."
दोन वर्षं तीच जागा.
एकदा मी म्हटलं, मावशी, समोर दाखवून ये एकदा.
ती पाटीकडे बघत राहिली थोडा वेळ.
"तो नाव सांगी दी भाऊ.
नाव समजनं म्हंजे मंग
ते घरमा ऱ्हावाले येस."

मी कात्री उचलली. दुसरं काय उचलणार?

पट्टी कापली की नाव मधोमध तुटतं.
औषधाचं अर्धं नाव त्यांच्या खिशात जातं,
अर्धं माझ्या डब्यात,
आणि तारीख
ज्याच्या वाट्याला येईल त्याला.

गेल्या शनिवारी तिचा नातू आला, शाळेच्या कपड्यात,
मुठीत चार गोळ्या, घामाने चिकट झालेल्या.
आजी सिव्हिलला आहे. या परत घेता का?
कापलेलं परत घेत नाही, अशी पाटी माझ्याच अक्षरात आहे.
मी खिशातून वीस रुपये दिले.
त्याने ते दोनदा मोजले, एकच नोट होती तरी.
मग विचारलं,
"तिला काय झालंय, डॉक्टर?"

मी गोळ्या उजेडात धरल्या.
पांढऱ्या, गोल. नाव दुसऱ्या तुकड्यावर.
दोन वर्षं मीच दिल्या,
आणि नावाशिवाय मला त्या ओळखता आल्या नाहीत.

आता कुलूप लावतोय. डाव्या हाताची बोटं
दिवाळीपासून बधिर आहेत, किल्ली उजव्याने फिरवतो.
पाटीचा उजेड कुलपाच्या भोकात नीट पडतो.
रस्ता ओलांडायचा तर तीसेक पावलं.
ट्रक जाईपर्यंत थांबलो, मग दुसरा जाईपर्यंत.
खिसा चाचपला :
दोन आहेत. दुपारीच कापून ठेवल्या होत्या.