पाव मणका

एक्स-रेच्या खोलीबाहेर लाल दिवा लावून
सत्तावीस वर्षं मी एवढंच बोलत आलो :
श्वास घ्या. रोखा. हलू नका.
परभणीच्या अर्ध्या कमरा मला तोंडपाठ,
चेहरे काही लक्षात नाहीत.

नसीमबीचा तेवढा आहे.
चौथा मणका पाचव्यावरून पुढं आलेला,
हाड कुठंच मोडलेलं नाही,
नुसत्या बिजागऱ्या झिजलेल्या.
"कुठं पडला होतात का?"
"पडायला उसंत कुठाय बाबा,"
म्हणत ती टेबलावरून उतरली
कडेनं, हळू,
मागून आणलेली काचेची बरणी उतरवावी तशी.

जिंतूर रोडचा अनिकेत, वय सतरा,
स्टेडियमवर रोज दीडशे चेंडू टाकायचा.
तिरका झोपवून फोटो काढला की
मणक्यात एक कुत्रं उभं राहतं,
कान, नाक, पुढचा पाय, सगळं.
त्याच्या मानेत काळा पट्टा दिसला
तर समजायचं, तिथं हाडाला तडा आहे.
याच्या कुत्र्याला पट्टा होता.
पोरगं हसलं : "म्हंजे पाळलेलंय, सर."

मोंढ्यातला किशन हमाल ट्रकच्या फाळक्यावरून पाठीवर पडला,
त्याला काही विचारावं लागलं नाही.

आणि पाथरीची ती आठ वर्षांची पोर,
जिच्या मणक्याची मागची कमान
पोटातच जुळायची राहिली होती.
आई दारात अडून उभी :
"गिरणात इळी धरली होती मी. त्यानंच झालं का?"
आमचा नियम, रिपोर्ट डॉक्टर सांगतील.
मी म्हणालो, "नाही बाई."

गेल्या मंगळवारी गर्दी ओसरल्यावर
शिशाचा एप्रन खुंटीला अडकवून
मीच आडवा झालो.
टेबल इतकं गार असतं
हे कुणी कसं बोललं नाही?
बोललेही असतील.

"श्वास रोखा, सर," सोनल काचेमागून म्हणाली.
बटन वाजलं. मग तिचा फोन वाजला.
मी रोखूनच पडलो होतो.
सोडा म्हणायचं ती विसरली,
मी तरी किती जणांना म्हणालो असेन?

पडद्यावर चौथा मणका, पावभर पुढं.
तिरका फोटोही घ्यायला लावला, कुत्रं शोधलं.
मान मोकळी.
म्हणजे नसीमबीच्याच घरचं दुखणं.

"सर, कुठं पडला होतात का?"
मी उतरलो, कडेनं, हळू,
आणि सवयीनं एप्रनकडं हात नेला.

खुंटी भिंतीतून खाली वाकली होती.
बहुतेक बऱ्याच दिवसांपासून.