पावणेसहाचा समुद्र

रास अल खैमाच्या या विक्री-दालनात
माझं काम एवढंच : कोपर धरायचं.
डोळ्यांवर यंत्र चढवलेलं माणूस
बेचाळिसाव्या मजल्यावर फिरत असतं,
पाय मात्र इथेच, तळमजल्यावर,
गालिच्याच्या कडेला अडखळू शकतात.
त्या कडेसाठी मला पगार आहे.

इमारत अजून खड्डा आहे.
काचेपलीकडे पिवळ्या हेल्मेटांची
जेवणाची सुट्टी चाललेली दिसते.
पण यंत्रात फ्लॅट तयार, सोफ्यावर उशा,
आणि समुद्र कायम संध्याकाळी पावणेसहाचा,
कारण त्या उजेडात सह्या लवकर होतात.

प्रत्येकानंतर मी यंत्राचा फोम पुसतो.
कधी काजळ लागलेलं, कधी ऊदाचा वास,
एकदा नुसतंच ओलं. विचारलं नाही.

मागच्या आठवड्यात साळगावकर सिस्टर आल्या.
अल ऐनच्या इस्पितळात एकतीस वर्षं रात्रपाळी.
यंत्र चढवलं, समोर दार उघडलं,
आणि उंबऱ्याशी थांबून
त्यांनी चपला काढल्या.
मी वाकून बाजूला ठेवल्या.
टाचा बाहेरच्या अंगाने झिजलेल्या.

समुद्राकडे बघितलंसुद्धा नाही.
थेट स्वयंपाकघर. हवेत चाचपडत
खिडकीची कडी शोधत राहिल्या.
"पूर्व कुठली रे?"
टॅबवर बोट ठेवून मी सूर्य उचलला
आणि नेऊन ठेवला सकाळच्या सातवर.
ऊन ओट्यावर चढलं, पार शेगडीपर्यंत.
त्या हसल्या. एकतीस वर्षं
या वेळेला पडदे ओढून झोपलेलं माणूस.

माइकला इंग्रजी कळतं, अरबी कळतं.
मी मराठीत हळूच म्हणालो,
"तिथं दुसरा टॉवर येणार आहे, सिस्टर."
"मग तोही दाखव की."
तो यंत्रात नव्हता.

पुढे काही बोलल्या नाहीत.
नसलेल्या ओट्यावरून एकदा तळहात फिरवला,
धूळ बघतात तसा.

रात्री अहवाल निघतो, नजर कुठे किती ठरली याचा.
समुद्र : दोन सेकंद.
स्वयंपाकघर : अकरा मिनिटं.
प्रवेशद्वार : सतरा सेकंद, कारण अज्ञात.

आज नवी आवृत्ती आली.
दाराशी आता चपलांचं लाकडी कपाट आहे,
आत चार जोड.
मी यंत्र चढवून, खाली बसून, नीट पाहिलं.
एकाचीही टाच झिजलेली नाही.