नोंद चालू आहे

पाटीवरची अक्षरं कन्नड : उद्योग विनिमय केंद्र.
त्या भाषेत उद्योग म्हणजे नोकरी.
आमच्या घरी उद्योग म्हणजे
मी रेडिओ खोलून परत न जोडणं.
आई म्हणायची, नसते उद्योग.
बा म्हणायचा, पोरीच्या हातात कसब हाय,
फिटर होऊ दे.

झाले. खानापूरच्या आयटीआयत एकतीस पोरं आणि मी.
मग इथं नाव घातलं. दर तीन वर्षांनी
नूतनीकरण, सातची बस
टिळकवाडीच्या तिसऱ्या गेटात अडकलेली,
आणि खिडकीत नीलव्वा हिरेमठ :
'मुंदिन वारा बा.'
पुढच्या आठवड्यात ये.
मला कन्नड येतं, बाजारापुरतं नाही, चांगलं येतं,
तरी कानाला आधी वारा लागतो, मागनं आठवडा.
आणि तो 'बा'. त्यांच्यात ये,
आमच्यात बाप.

आज खिडकी बंद. सगळं कॉम्प्युटरवर गेलंय म्हणे.
नीलव्वा फरशीवर बसून जुनी कार्डं निवडतायत,
मेथी निवडावी तशी.
त्यांचं कंत्राट मार्चला संपतं.
'नंदू कार्ड ऐते,' हसल्या,
माझंपण आहे यातच कुठंतरी.

मग थांबल्या.
'भरमा सातेरी कुगजी. यारु निमगे?'

पिवळं कार्ड. एकोणीसशे ब्याऐंशी.
शिक्षण सातवी. भाषा मराठी, कन्नड.
कोणती नोकरी हवी, त्या रकान्यात : कोणतीबी.

बा तर उद्यमबागच्या फाउंड्रीत
साच्यात वाळू ठोकत होता, एकतीस वर्षं.
ते काम मामाच्या ओळखीनं. ऑफिसला कुणी कळवलं नाही.
पण पाठीमागं शिक्के आहेत. पंच्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी, एक्क्याण्णव...
दहा.
रविवारी हे ऑफिस उघडत नाही.
म्हणजे दर खेपेला खाडा,
म्हणजे दर खेपेला पगार कापून
तो इथं आला,
आणि घरी कुणाला बोलला नाही.

शेवटच्या शिक्क्याची तारीख मला पाठ आहे.
त्या दिवशी माझं नाव घातलं.
मी समजत होते, तो सोबतीला आलाय.
'तू हो म्होरं, मी च्या पिऊन येतो,' म्हणाला होता.

जाऊन चार वर्षं झाली.
सरकारदरबारी अजून रिकामा, अजून थांबलेला.

'रद्द करू?' नीलव्वांनी विचारलं. मराठीत.

मी म्हणाले, यादीत त्याचा नंबर कितवा आलाय
तेवढं बघा.

त्यांनी चष्मा पुसला
आणि खरंच बघायला लागल्या.