नावेचं नाव

ओलेसुंडच्या धक्क्यावर, पहाटे पाच चाळीसला,
पाटीवर एक फेरी लागली:
वेळ बरोबर, धक्का बरोबर,
नावाच्या जागी नल.
शून्य नव्हे. शून्य निदान मोजता येतं.
सुक्या कॉडच्या पेट्या घेऊन उभा असलेला ट्रकवाला म्हणाला,
"हिच्यात चढायचं की नाही?"
आणि माझा फोन वाजला.

मी सोल्फ्रिद. कोड माझाच.
वर 'जहाज' नावाचा क्लास, एइविंदने नऊ वर्षांपूर्वी लिहिलेला.
तो आता येरेनला मेंढ्या पाळतो, मेलला उत्तर देत नाही.
त्याच्याखाली माझी 'फेरी',
जिला वारशात सगळं मिळालं,
वजन, वेग, भोंगा, धुक्यात थांबण्याची रीत.
कन्स्ट्रक्टर तेवढा नाही.
जन्म वारशात मिळत नाही,
ज्याचा त्याने घ्यायचा,
आणि घेताना पहिल्याच ओळीत
वरच्याला हाक मारायची.
वरच्याला टनांचा आकडा हवा असतो, तो न देता
पुढे गेलात तर कंपायलर अडून बसतो:
बाप दाखव, नाहीतर श्राद्ध कर.

मी मारली होती हाक.
आकडाही दिला होता.

अर्ध्या काळोखात ओळीओळीने चढत गेले.
फेरी म्हणते, आधी तू.
जहाज म्हणतं, आधी माझ्या वरचा.
सगळ्यात वर तो, ज्याला वर कोणी नाही,
तो काहीच न करता बाजूला होतो
आणि बांधकाम खाली येऊ लागतं.
जहाजाचा सांगाडा झाला, वजन बसलं,
आणि तिथे, शेवटच्या ओळीत, एइविंदने
कौतुकाने विचारलेलं:
नाव काय तुझं? धक्क्यावर कळवतो.

नऊ वर्षं त्याचं तोच उत्तर द्यायचा.
काल संध्याकाळी ते उत्तर मी
खाली, माझ्या फेरीत, नव्याने लिहिलं.
म्हणून प्रश्न वर पडला, ओ खालून आली,
आणि खाली तर अजून
एकही ओळ चाललेली नव्हती.
वाचा फुटायच्या आधीच
माझी फेरी तोंड उघडून उभी.

नाव तिला पुढच्याच ओळीत मिळणार होतं.
मिळालंही, सेकंदाचा हजारावा भाग उशिरा:
'स्तुरहोल्मेन', सगळ्या जोडाक्षरांनिशी.
पण पाटीला एकदाच कळवायचं असतं.

रात्रपाळीचा ओद्वार, चाळीस वर्षं लाकडी होड्या बांधलेला,
थर्मासातली कॉफी ओतत म्हणाला,
"आमच्याकडे कणा आधी. मग फळ्या. बरगड्या शेवटी."
आणि नाव?
"पाण्यात उतरल्यावर.
ठोकाठोक चालू असलेल्या होडीला
कुणी हाक मारतं का, पोरी?"

ती एक ओळ मी एइविंदच्या कन्स्ट्रक्टरमधून उचलली,
बाहेर ठेवली,
सगळं बांधून झाल्यावर विचारायची म्हणून.
सहा दहाला नावेला नाव आलं. ट्रकवाला चढला.

काही भाषांत मोडतानाचा क्रम उलटा असतो,
आधी खालचा, मग वरचा,
हे मी ओद्वारला उगाच सांगितलं.
तो बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला.
कप धुतला. पुन्हा धुतला.

एइविंदला कळवलं: तुझी एक ओळ हलवली आहे.
दुपारी उत्तर आलं, पहिल्यांदाच. एक फोटो.
ओलं कोकरू, चारही पाय फाकवून,
उभं राहायचं ठरवत असलेलं.
खाली एवढंच:
अजून नाव विचारलेलं नाही.