बाराव्या मिनिटाला

विकायचा एकच आहे.
छताचे तीन पत्रे वाऱ्यानं नेले
आणि सुताराला आगाऊ रक्कम हवी.
मिलेन्कोच्या काउंटरवर दोन्ही ठेवलेत शेजारी शेजारी.
तो चष्म्याच्या वरून बघतोय,
कॅमेऱ्यांकडे नाही, माझ्याकडे.

पहिला माझ्या पोटापाण्याचा.
मी येर्का, विमा कंपनीसाठी जहाजांचे तडे शोधते.
पुंता अरेनासच्या धक्क्यावर गंज मला ओळखतो:
वरवरचा कुठला, हाडापर्यंत गेलेला कुठला.
हा काळा ठोकळा उणे नऊमध्ये, खाऱ्या तुषारांत,
हातमोज्यातल्या आंधळ्या बोटांनीही चालतो.
आत दोन कार्डं: एक मेलं, तर दुसरं साक्षीला.
सहा वर्षांत एकदाही नाही म्हणाला नाही.
खरं तर एकदाही काही म्हणाला नाही.

दुसरा एका डॅनिश खलाशानं उधारी फेडायला दिलेला.
चांदीच्या रंगाचा, कोपरे झिजून पितळ उघडं पडलेलं.
चाक फिरवलं की अक्रोड फोडल्यासारखा आवाज,
तेवढ्यासाठी मी ते उगाच फिरवत बसते
स्वयंपाकघरात, केटली उकळेपर्यंत.
फोकस त्याच्या मर्जीचा,
मुलाचं तोंड सोडून मागचं कुंपण धरतो.
बॅटरी अर्ध्यावरून थेट शून्यावर उडी मारते.
आणि व्हिडिओ बाराव्या मिनिटाला बंद. तापतो म्हणे!
या गावात,
जिथं वादळात माणसांना धरायला रस्त्यात दोर बांधतात.

सासऱ्यांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला
कोकरू विस्तवावर होतं, बाटल्या अर्ध्या झाल्या होत्या,
आणि जन्मभर मुका राहिलेला व्येकोस्लाव उठून बोलू लागला.
बेटावरून निघालेली बोट, आई, एक हिरवी पेटी,
आणि त्या पेटीत...
बारावं मिनिट.
तेव्हापासून दर रविवारी आमच्यात भांडण:
नणंद म्हणते पिस्तूल, दीर म्हणतो द्राक्षवेलीची काडी.
म्हातारा गालात हसतो, पुन्हा सांगत नाही.

काळा त्या दिवशी गाडीत होता, पूर्ण चार्ज केलेला.
आणायला वीस पावलं. मी गेले नाही.
त्याच्यातून बघितलं
की मला माणसांतही तडे दिसतात.

एकदा उलटही करून पाहिलं,
चांदीवाला नेला सुक्या गोदीत.
कार्यालयाचं उत्तर दोन ओळींचं:
तडा दिसत नाही. पुन्हा पाठवा.
खरंच नव्हता दिसत.
दिसत होती वेल्डर एलादियोच्या श्वासाची वाफ
आणि जहाजाच्या पोटावर पसरलेली गुलाबी सकाळ,
तीही जराशी हललेली.

भरवशाच्या म्हशीला टोणगा, असं लोक म्हणतात.
माझी म्हैस दरवेळी पारडीच देते हो,
मलाच दुधाचा वीट आलाय.

मिलेन्को आकडे मांडतो.
काळ्याचे इतके, की पत्रे येतील, वर खिळेही.
चांदीवाल्याचे, तो खाकरतो,
खिळे येतील. सगळे नाही.
"शहाणी बाई काय करेल, तुला ठाऊक आहे," म्हणतो,
आणि मग हळूच, कुणी ऐकू नये तसं,
चांदीवाल्याचं चाक एक घर पुढं फिरवतो.
पुन्हा एक.

आज घरावर पत्रे आहेत.
उद्या सकाळी खेकड्यांची एक बोट तपासायची आहे,
आणि कंपनीला आता व्हिडिओ लागतो, अखंड,
नाळेपासून सुकाणूपर्यंत, कापाकापी चालणार नाही.
कार्ड एकच. साक्षीला मी.
बूट दाराशी काढून ठेवलेत, घट्ट पकडीचे.
मघाशी अंगणात चालून पाहिलं, घड्याळ लावून,
बोट आहे तेवढ्या लांबीचं.
अकरा मिनिटं चाळीस सेकंद.
वारा पाठीमागून असेल, तर.