बिनशब्दांचा कप्पा

मीठ मागायचं होतं नेलिदाला,
तोंडून आलं, ‘खिडकी’.
पुन्हा प्रयत्न केला. ‘खिडकी’.
मग स्वतःवरच चिडून, टेबलावर मूठ आपटत,
खिडकी, खिडकी, खिडकी.
मोन्तेविदेओच्या शाळेत एकतीस वर्षं
पोरांच्या वह्यांवर लाल शाई ओतणारी माझी बायको.

डॉक्टरीण म्हणाली, मसुरीच्या दाण्याएवढी जागा आहे,
रक्त पोचलं नाही तिथे. गाणी ऐकवा.
ऐकवली. पण गाण्यात शब्द असतात.
एकेक ओळ भरलेल्या बससारखी निघून जायची
आणि ही थांब्यावर, हात उंचावून.

मग मी कपाट उपसलं.
ज्या तबकड्यांत माणूस तोंड उघडतो
त्या सगळ्या भाचीकडे धाडल्या.
उरल्या त्या एका कप्प्यात मावल्या.

मी नगर वाद्यवृंदातला दुसरा बसून.
नावाला जागून उभी हयात बसून वाजवलं,
आणि नेलिदाच्या आवडीला हसत आलो.
आता वही घेऊन तिच्यासमोर बसलो, परीक्षकासारखा.

आधी चेलो, एकटाच.
राळेचा वास यावा इतक्या जवळून मुद्रित केलेला.
ती नखाची कड कुरतडत राहिली.
झिंबाब्वेचा एम्बिरा लावला: लोखंडी पट्ट्यांवर अंगठे,
खाली बाटलीच्या बुचांची खरखर.
डावी भुवई हलली. मी लिहिलं: भुवई.
बांदोनियोनच्या भात्याने दम घेतला
तेव्हा तिनेही घेतला. लिहिलं.
शिकागोतलं पियानोचं त्रिकूट, मागे पेल्यांची किणकिण,
कुणी तरी ऐन समेवर खोकतं.
त्या खोकल्याला ती हसली. याची नोंद कुठे करायची?
जपानी बांबूच्या बासरीत सुरापेक्षा फुंकरच जास्त.
ती झोपून गेली. हे चांगलं की वाईट, ठरेना.
माझा स्वतःचा एक तुकडाही लावून पाहिला,
दुसऱ्या भागात सहा मात्रा, लक्ष दिलं तरच ऐकू येणाऱ्या.
तिने माते चोखत नळीचा आवाज काढला.

रविवारी गल्लीत ढोल आले.
कोपऱ्यावर जुनी वर्तमानपत्रं पेटवून
पोरांनी कातडी तापवली होती, जळक्या शाईचा वास जिन्यापर्यंत.
चिको, रेपिके, आणि सगळ्यांत पोटाळ तो ‘पियानो’,
शेजारच्या वॉशिंग्टनच्या खांद्याला लटकलेला.
घरातलं सगळं थरथरलं, कपबश्या, दाताचा डबा, मी.
तिने काचेवर पूर्ण तळवा टेकवला
आणि सावकाश म्हणाली, ‘खिडकी’.

खिडकीच होती ती.
आम्ही दोघं तिच्याकडे बघत राहिलो.

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं.
पण संध्याकाळी ती उठली, कप्प्याशी गेली,
आणि पार मागून, चेलोच्याही मागून,
एक तबकडी ओढली, कपडे धुण्याच्या पुडीवर फुकट मिळालेली:
इलेक्ट्रिक ऑर्गन, मागे यंत्राचा ताल,
मुखपृष्ठावर सूर्यास्त, तोही खोटाच.
तेव्हा पाहुण्यांदेखत मी म्हणालो होतो,
लिफ्टला कंटाळा आला तर ती हे ऐकत असेल.
सगळे हसले होते. तीही हसली होती.
चाळीस वर्षं मग ही तबकडी
मी घरात नसताना वाजत होती तर.
कडा झिजलेल्या, एका चरीवर जॅमचा डाग.

सुई तिने स्वतः ठेवली. हात कापला नाही.
ऑर्गन सुरू झाला, गुळमट, निर्लज्ज,
आणि तिची बोटं मांडीवर त्याच्याआधी पोचू लागली,
प्रत्येक वळणावर अर्धा क्षण आधी.
एकही जागा चुकली नाही.

वही मिटली.
दुसरा बसून बसून राहिला.
एक बाजू संपली, तिने माझ्याकडे पाहिलं,
परवानगीसाठी नव्हे,
आणि तबकडी उलटली.